न थांबता आंबेनळी

तुम्हाआम्हाला रस्त्यावर वळण दिसतं, मोरी दिसते, पावसात कोसळलेली दरड दिसते. अमजद मुकादमांना रस्त्यावर फक्त घरं दिसतात.

त्यांच्या टेम्पोत शेजारी बसलात की महाड सुटल्यापासून हे सुरू. "ती हिरवी खिडकी हाय ना, तिथल्या थोरल्या पोरीचं कपाट मीच पोचवलं. वरातीच्या आधी कपाट दारात!" मग हॉर्न. "ह्या घरातला म्हातारा लय कडक, पण चहात आलं घालतो." पुन्हा हॉर्न. दारातून कुणीतरी हात वर करून "या की!" म्हणतं, आणि टेम्पो आपसूक बाजूला लागतो. महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत भाताची पोती, पाण्याचे पंप, शेळ्या, लग्नाची भांडी, भाद्रपदात गणपती असं सगळं वाहून अमजदभाईंची दाढी पांढरी झाली. या सगळ्या खोऱ्यांत त्यांचं घड्याळ कुणी विचारत नाही. माल आज येणार म्हणजे आज येणार. कधी, ते वाटेवरच्या चुलींवर अवलंबून.

त्याला कारणही होतं. तरुणपणी एकदा घाटात टेम्पोचा ब्रेक गेला. गाडी कशीबशी डोंगराच्या बाजूला घासून थांबवली, आणि ब्रेकचं सामान येईपर्यंत खालच्या वाडीने त्यांना आळीपाळीने जेवू घातलं. तेव्हापासून त्यांचं ठाम मत झालं, "गाडी पंपावरच्या डिझेलवर चालते, डायवर चालतो लोकांच्या भाकरीवर." वाटेवर ओळखीचं घर आहे आणि माणूस न थांबता पुढे गेला, तर तो माणूस काय कामाचा? आणि हे एकट्या अमजदभाईंचं मत नव्हे. त्या पट्ट्यात सगळ्यांचंच तसं. शिवथरच्या मालोजी कदमांच्या दारावरून अमजदभाई एकदा घाईत निघून गेले होते. टेम्पोत मासळी होती, बर्फ वितळत होता. मालोजीने तो विषय कितीतरी वर्षं जिवंत ठेवला. लग्नात भेटो नाहीतर मयतीला, खांद्यावर हात टाकून विचारणार, "काय अमजद, आमच्या दारात काटं टाकलेत काय रे?"

हे सगळं ठीक. पण अमजदभाईंना एक बायको होती, नसीबा. एका दुपारी ती मोरीवर बोंबील साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, "मला घाट बघायचाय."

"कुठला घाट?" अमजदभाई खाटेवर आडवे होते.

"कुठलाबी. वर जाऊन कठड्यावर बसायचं नि खाली बघायचं."

"अगो, इतक्या वेळा तर नेलाय तुला!"

नसीबाने सुरी खाली ठेवली. "कुठं नेलात? रायगडाच्या वाटेला नेलात, तवा ठकूबायच्या चुलीपुढं बसून पीठ मळलं. शिवथरला नेलात, मालोजीच्या म्हशीचा खरवस उकडला. पोलादपुराकडं नेलात, बनुबायबरोबर नारळ खवले. तुमी बाप्ये ओटीवर बसून गप्पा हाणणार नि मला लगेच, भाभी, या आत! आमची सहल म्हंजे नारळ खवायला गाव बदलायचं. डोंगर मी स्वयंपाकघराच्या खिडकीतनं बघितलाय, तोबी अर्धा. अर्ध्यात मडकी व्हती."

अमजदभाई खाटेवर उठून बसले. आत बसलेली झोया मात्र फस्सकन हसली. ही त्यांची मुलगी. पनवेलला औषधाच्या दुकानात कामाला होती आणि चार दिवसांच्या रजेवर आली होती. ती मोबाईल घेऊनच बाहेर आली. "अम्मी, मी प्लॅन करते. बिलालची गाडी पडूनच आहे."

बिलाल म्हणजे थोरला. तो दोह्याला नोकरीला. त्याची पांढरी गाडी मांडवाखाली ताडपत्री पांघरून झोपलेली असे, आणि दर शुक्रवारी फोनवर आईबापापेक्षा आधी तो तिच्या बॅटरीची खुशाली विचारत असे.

"पन एक सांगून ठेवते," नसीबा म्हणाली. "वाटेत एकाबी घरी शिरायचं नाय. एकाबी. शिरलात तर मी तिथनंच यष्टी पकडून घरी येईन, नि परत तुमच्या गाडीत बसायची नाय."

ती अशी धमकी उगाच देणारी बाई नव्हती. भावाच्या लग्नात मानपानावरून बिनसलं, तेव्हा ती खरंच यष्टी पकडून घरी आली होती. नवऱ्या मुलाच्या आधी.

झोयाने नकाशा उघडला. "रायगड. पाचाडवरून हिरकणीवाडी. रोपवे, वरून व्ह्यू. मस्त."

"हिरकणीवाडीत ठकूबायचं हॉटेल हाय," अमजदभाई म्हणाले.

"असू दे."

"असू दे कसं? रोपवेच्या वाटेवरच हाय. तिच्या लेकाचं बारसं नि लगीन, दोन्हीची भांडी मी नेलीत. पिठलं-भाकरी खाल्ल्याबिगर ती आपल्याला पाळण्यात बसू देईल काय?"

"बरं. मग शिवथरघळ. धबधबा अजून चालू असेल. पुढे वरंधा."

"मालोजी," बापाने एकच शब्द उच्चारला. तेवढ्यावर काम झालं.

झोयाने नकाशा मोठा केला, लहान केला, उलटा केला. जिथे तिला निळी नदी आणि हिरवा डोंगर दिसे, तिथे बापाला कुणाचा तरी उंबरठा दिसे. एका ठिकाणी खरंच काही नव्हतं, नुसतं रान. तिने तिथे आनंदाने बोट टेकवलं. अमजदभाई म्हणाले, "तिथं धनगराचा वाडा हाय. मानूस लय गोड."

"अब्बा, काच वर करायची आणि जायचं. बिलालची गाडी कोण ओळखतंय?"

"काच वर करून? ओळखीच्या गावातनं? मी काय पळून चाललोय?"

शेवटी आंबेनळी ठरली. पोलादपूरवरून कापडे, मग वर घाट. त्या वाटेवर चुकवायला अवघड असं घर एकच होतं, कापड्याचे दत्ताराम उतेकर. पण ते एक घर दहांच्या बरोबरीचं होतं. ब्रेक गेला तेव्हा पहिली भाकरी त्याच घरातली. दत्ताराम आणि अमजदभाई एकमेकांना दत्तू आणि अमज्या म्हणत. दोघांच्या पोरांना मुलं व्हायची वेळ आली तरी.

"एका घराचा तर प्रश्न आहे," झोया म्हणाली. "एक मिनिट डोळे मिटून घ्या."

"डायवरनं?" अमजदभाई म्हणाले. पण त्यांनी मान हलवली. कबूल.

आता इथे अमजदभाईंनी जी चूक केली, ती दुसऱ्या कुठल्या मुलखातल्या माणसाने केली नसती. न थांबता जायचं, हे त्यांनी बायकोला मनापासून कबूल केलं होतं. पण न सांगता जायचं, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना. आदल्या दिवशी नमाजाहून परतताना त्यांनी मशिदीच्या भिंतीआड उभं राहून फोन लावला.

"दत्तू, उद्या तुझ्या दारावरनं जानार हाय. थांबनार नाय. राग मानू नको. आधीच माफी मागून ठेवतोय."

 दत्ताराम म्हणाला, "थांबनार नाय म्हंजे? कोन आजारी हाय काय?"

"नाय रे. घाट बघायला चाललोय."

"घाट? बघायला?" दत्तारामने हे असं विचारलं, जणू अमजदभाई स्वतःची आंघोळीची बादली बघायला चालले होते. मग म्हणाला, "बरं बरं. नको थांबूस. ये तू."

यातलं 'ये तू' अमजदभाईंनी नीट ऐकलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. ते गुणगुणत घरी आले.

सकाळी निघाले. भातं पिवळी पडायला लागली होती, उतारांवर सोनकी फुललेली. नसीबा पुढच्या सीटवर, नव्या ओढणीत, मांडीवर थर्मास. मागे झोया. महाड सुटलं आणि अमजदभाईंचा हात हॉर्नकडे सरकला. नसीबाने त्यावर आपला हात ठेवला. बघणाऱ्याला वाटलं असतं, या वयात काय प्रेम आहे बघा! पोलादपूरपर्यंत तिने तो हात उचलला नाही. चहाच्या टपरीवर ओळखीची टोळकी बसली होती. अमजदभाईंनी मान न वळवता डोळे तेवढे वळवले. त्यांना घाम फुटला होता.

"बघा," नसीबा म्हणाली, "जमतंय की."

मग कापडे आलं.

दत्ताराम रस्त्याच्या मधोमध उभा होता. धुतलेला सदरा, टोपी, कपाळाला गंध. रस्त्याकडेला त्याचं अंगण माणसांनी भरलेलं. ठकूबाई हिरकणीवाडीहून हॉटेल सुनेवर टाकून आलेली. शिवथरचा मालोजी बाजेवर मांडी घालून, जावयासारखा. दत्तारामला सांगितलेली गोष्ट दुधाच्या गाडीच्या आधी खोरं उतरते, हे सगळ्या तालुक्याला ठाऊक. अमजद आमच्या दारावरनं जाणार, थांबणार नाही, या तर बघायला! आणि सगळे बघायला आले होते.

"थांबू नको!" दत्ताराम दोन्ही हात वर करून ओरडला. "शब्द दिलायस, मोडू नको! नुसता हळू जा!"

अमजदभाईंनी गाडी बैलगाडीच्या चालीवर आणली. दत्ताराम खिडकीला हात लावून बरोबर चालू लागला. काकड्या आत आल्या. लोण्याचं मडकं आलं. ठकूबाईने केळीच्या पानात बांधलेलं काहीतरी झोयाच्या मांडीवर टाकलं. मालोजीने बाजेवरूनच आवाज दिला, "काय अमजद, हितंबी काटं हायत काय रे?" अंगण हसलं.

नसीबा हसली नाही. तिने हळूच नवऱ्याकडे पाहिलं.

"तुमी फोन केलात."

अमजदभाई समोर बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

"निसती माफी मागितली गो."

"थांबवा गाडी."

"नसीबा, मी थांबत नाय. बघ, शिरत नाय कुनाच्या घरात..."

"थांबवा म्हनते ना."

गाडी थांबली.  झोयाला वाटलं, आता अम्मी यष्टीच्या थांब्याकडे वळणार. पण नसीबा उतरली ती सरळ अंगणातून, पुरुषांच्या मधून, ओटीवरून आत. अट तिनेच घातली होती आणि आता तीच उंबऱ्याच्या आत होती. बाहेर मालोजीने मांडी खाजवली आणि "आता कसं!" म्हणाला.

आत बनुबाई, दत्तारामची बायको, चुलीपुढे. चुलीवर चहाचं आदण एवढं की लग्नाघरचं वाटावं. परातीत पीठ, बाजूला नारळांचा ढीग. दोन विळ्या मांडलेल्या. दुसरी कुणासाठी, ते नसीबाला विचारावं लागलं नाही.

"या भाभी," बनुबाई घाम पुसत म्हणाली. "एकटीनं व्हईना बगा. ह्यांनी अख्खा तालुका बोलावलाय."

नसीबा त्या विळीकडे बघत उभी राहिली. मग म्हणाली, "बनुबाय, तू घाट बगितलास?"

"आता काय इचारता! घाटाखालीच तर रहाते."

"वर जाऊन?"

"गेलेली ना. दिराला दवाखान्यात न्यायचा व्हता तवा. आनि भाचीच्या साखरपुड्याला. पन डोळं मिटून बसते. वळनात उलटी व्हते मला."

"चल."

"कुठं?"

"वर. डोळं उघडं ठेवून."

"अवो, च्या उकळतोय!"

"उकळू दे की. च्याच हाय, पळून जातोय काय?"

बनुबाईने चुलीकडे पाहिलं, नारळांकडे पाहिलं, बाहेरच्या हशाकडे कान दिला. पिठाचे हात तिने पदराला पुसले, आणि कुणी मागून हाक मारील अशी भीती असल्यासारखी झटझट चालत बाहेर पडली. अंगणातून जाताना तिने कुणाकडे बघितलं नाही.

"अगो!" दत्ताराम गाडीमागे धावला. "पावनं हायत घरात!"

"तुमीच बोलावलेत ना दत्तूभाऊ?" नसीबाने खिडकीतून मान काढली. पुढची सीट तिने बनुबाईला दिली होती, उलटीसाठी. "मग तुमीच बघा."

घाट चढेपर्यंत बनुबाई लिंबू नाकाला धरून बसली होती. प्रत्येक वळणाला "देवा देवा" म्हणायची आणि एक डोळा उघडायची. वर एका वळणावर कठडा होता, तिथे अमजदभाईंनी गाडी लावली. दोघी कठड्यावर बसल्या. खाली सगळं हिरवं, मधे मधे पिवळे चौकोन, पलीकडे डोंगरामागे डोंगर, शेवटचा तर आभाळाच्याच रंगाचा. वाऱ्याने ओढण्या आणि पदर उडत होते. दोघी बघत राहिल्या.

अमजदभाईंना मात्र राहवेना. "ती वाडी दिसतेय ना, ती बघ, तिथं सुतारांचं..."

"गप बसा," नसीबा म्हणाली. "आज खाली घरं नायत. झाडं हायत. च्या ओता."

अमजदभाईंनी थर्मास उघडला. झोयाने ठकूबाईचं केळीचं पान सोडलं, आत भाकरी आणि पिठलं. बनुबाईने काकडी कठड्यावर आपटून फोडली.

"लय लांबवर हाय गो सगळं," ती म्हणाली. "मला वाटायचं, आमच्या मागल्या दारी संपतंय."

इतक्यात अमजदभाईंचा फोन वाजला. दत्ताराम. त्याचा आवाज असा होता की फोन कानाला लावायला नको, कठड्यापर्यंत ऐकू यावा. मागे भांडी पडत होती, मालोजी कुणाला तरी सल्ले देत होता.

"अमज्या! च्या ऊतू गेला! साखर कुठं हाय इचार! नि ते पीठ, किती पानी घालायचं? ठकूबाय म्हनते, मी पावनी हाय, मी हात लावनार नाय!"

अमजदभाईंनी फोन बनुबाईपुढे धरला. तिने तो घेतला नाही. काकडीचा घास संपवला, पाय कठड्यावर घेतले, मांडी घातली, आणि पुन्हा समोर बघू लागली.

"सांगा त्यांना," ती म्हणाली, "हितं रेंज नाय."

अमजदभाईंनी उभ्या आयुष्यात कुणाला फोनवर खोटं सांगितलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला.

"दत्तू, बनुवयनी इथंच बसल्यात. म्हनतात, रेंज नाय."