धंदा: खेळ करणे

माझा थोरला भाऊ बारा वर्षं फुटबॉल खेळून जगला. वेल्ह्याकडच्या आमच्या धनगरवाडीत हे कुणाला पटत नसे. पुण्याच्या लष्करात खानसाम्याच्या हाताखाली असताना तो गोऱ्या शिपायांबरोबर खेळू लागला. तिथून त्याला मुंबईच्या एका गिरणीने उचलले, मग रेल्वेने, मग कोलारच्या खाणीने, शेवटी कलकत्त्याच्या कारखान्याने. जागा कायम पुढची, गोल मारायची. पण खेळाचा पगार म्हणून कुणी लिहून देत नसे; हजेरीपटावर तो फिटर. पान्याला त्याने कधी हात लावला नाही. गुडघा मोडला तेव्हाच कारखान्याला आठवले की या फिटरला फिटरचे काम येत नाही. 'फिटर म्हणून नोकरी केली' एवढा कागद देऊन त्याला काढून टाकले.

तो घरी आला तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. मेंढरांमागे डोंगर चढणे त्याला जमेना. भोरच्या एका शाळेला ड्रिल मास्तर हवा होता. उभ्याने शिटी वाजवून मुलांची कवायत घ्यायची; त्या पायाला झेपेल अशी ती एकच नोकरी. अर्ज मी लिहायला बसलो. गिरणी कामगारांच्या लढ्याची पत्रके वाचून वाचून मी तेव्हा पेटलेला होतो.

"धंद्याफुडं फिटर लिव," दादा म्हणाला. "कागद हाय माज्याकडं."

"ज्यांनी तुझा पाय खाल्ला, त्यांचं खोटं आपण चालवायचं?"

"आरं बाबा, मला नोकरी पायजे. सभा न्हाई."

मी ऐकले नाही. ठसठशीत अक्षरात लिहिले: धंदा, खेळ करणे.

शाळेच्या कचेरीतल्या कारकुनाने ते मोठ्याने वाचले. "खेळ करणे? मग ढोलकं कुठाय? दोरी आणलीय का?"

सगळे हसले. आमच्याकडे 'खेळ करतो' तो दोरीवर चालणारा डोंबारी, हे मला लिहिताना सुचलेच नव्हते. डोंबाऱ्याच्या कष्टाची लाज मला तेव्हा नव्हती, आजही नाही. पण दादाने मान खाली घातली. मी फुटबॉल समजावून सांगितला. कारकुनाने ऐकून घेतले.

"बरं. पुरावा?"

दादाने आपला एकुलता कागद पुढे केला.

"यात फिटर, अर्जात खेळ. दोहोंतलं एक खोटं. लबाडाच्या हाती पोरं कशी द्यायची?"

"रावसाहेब, दोनी खरंच हाय..."

मी मध्येच कारखानदारांवर बोलू लागलो. तेवढ्यात शिपायाने आम्हाला दार दाखवले.

कापूरहोळपर्यंत मोटार मिळाली. पुढे पायी. तो दर फर्लांगाला थांबून गुडघा दाबत होता. मी म्हणालो, "आपण खरं तेच लिहिलं, दादा."

"व्हय. लई खरं लिवलंस." तो दगडावर टेकला. "आता म्या काय करू, ते बी लिवून दे."

माझ्या पिशवीत कागद होता, दौत होती. मी ती उघडली नाही.