दत्तूच्या काळजाची पेटी

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही दत्तूला पाहिलेलं नाही. ज्यांनी पाहिलंय, त्यांच्यापुढं माझी जीभ उचलत नाही.

दत्तू माझा धाकटा भाऊ. लहानपणापासून काळजानं अधू. दुष्काळाच्या आदल्या वर्षी मुंबईला ऑपरेशन करून त्याच्या काळजात नवी झडप बसवली. छातीला कान लावला की टिकटिक ऐकू यायची. अख्खं कोल्हार गाव ऐकायला आलं! बिस्किटाचे पुडे घेऊन यायचे, त्याच्याजवळ बसायचे — आणि मी? उसाला पाणी देऊन गुडघाभर चिखलात घरी यायचो, तर चहासुद्धा मागून घ्यावा लागायचा. जळायचो मी. सख्ख्या, आजारी भावावर जळायचो. माझ्या छातीला कधी कुणी कान लावला होता का?

मग त्याला चक्कर यायला लागली. पुण्याच्या डॉक्टरांनी त्याच्या छातीला तारा चिकटवल्या आणि खांद्यावर टेपरेकॉर्डरसारखी एक पेटी अडकवली. काळजाचे ठोके म्हणे टेपवर उतरतात. गावी जा, रोजच्यासारखं हिंडा-फिरा, परवा पेटी आणून द्या, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नेमका बाजार. दत्तू म्हणाला, "दादा, लई जड हाय रे. हिंडवत न्हाई."

"आन हिकडं," मी म्हणालो. "तू नीज. हिंडल्याशी मतलब हाय ना?"

"डॉक्टर वरडतील."

"त्यास्नी काय कळतंय? काळीज समद्यांचं सारखंच वाजतं."

त्याच्या छातीवरच्या तारा काढून मी माझ्या छातीला चिकटवल्या. खरंच तसं वाटलं होतं का मला? थोडं वाटलं होतं. पण खरं कारण — मला ती पेटी घालून बाजारात मिरवायचं होतं. मिरवलो की! सदऱ्याची बटणं उघडी टाकून, तारा दिसतील अशा. हॉटेलवाल्यानं बाकडं पुसून दिलं, चहाचे पैसे घेतले नाहीत. लोक पेटीला हात लावून बघत होते. उठावंसंच वाटेना.

घरी आलो तर दत्तू खांबाला धरून बसलेला, घामानं निथळत. "तू गेलास अन् अंधारी आली. पडलोच हुतो. डॉक्टरला सांगू का रं, पेटी तुझ्याकडं हुती म्हनून?"

"नको," मी म्हणालो. "बोल मला लागंल."

त्यानं ऐकलं. माझं सगळं ऐकायचा तो.

डॉक्टरांनी टेप तपासली. हिंडताना ठोके अगदी व्यवस्थित, अंधारी अशक्तपणाची, खाऊपिऊ घाला, असं म्हणाले. मी शेजारीच उभा होतो. तोंड उघडलं नाही. त्यानंतर पोळा यायच्या आत दत्तू बांधावर कोसळला, तो उठलाच नाही.

त्याची बायको शांता आजही आल्यागेल्याला सांगते, "दादांनी काय कमी केलं न्हाई. यंत्रातच काय निघालं न्हाई, त्याला ते तरी काय करतील?" मी खाली मान घालून ऐकतो.

आणि एक राहिलंच. नदीकाठी सरण रचलं होतं. पार पारनेरकडचे पाहुणेसुद्धा आले होते, बाया-माणसं धाय मोकलून रडत होती. मी ती गर्दी बघत होतो — आणि मनात आलं, माझ्या मागं एवढी माणसं येतील का?