त्रेचाळीस खुर्च्या

चर्चच्या मंडळीत त्यांना सगळे खुर्चीकाका म्हणत. इतकी वर्षं म्हणत आले होते की खऱ्या नावाने कुणी हाक मारली असती तर काकांनी आधी मागे वळून बघितलं असतं. चौतीस वर्षं त्यांनी बसच्या आगारात सीटा दुरुस्त केल्या. फाटलेलं रेक्झिन उसवायचं, आतला दबलेला फोम काढायचा, नवा भरायचा आणि वरून नवं रेक्झिन ताणून शिवायचं. शहरातली निम्मी माणसं त्यांच्या शिवणीवर बसून कामाला गेली असतील. निवृत्तीच्या दिवशी आगाराने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि पुढच्याच आठवड्यात चर्चने खुर्च्या सांभाळायला दिल्या. घड्याळ महिन्याभरात बंद पडलं. खुर्च्या टिकल्या.

हे चर्च जरा वेगळ्या वळणाचं होतं. बाकडी नव्हती, उंच व्यासपीठ नव्हतं. एक लांबरुंद हॉल आणि रविवारी त्यात खुर्च्यांचं वर्तुळ. कुणी कुणाच्या पुढे नाही, कुणी मागे नाही. प्रवचन देणाऱ्या पाळकबाईसुद्धा त्यातल्याच एका खुर्चीवर बसत. देवावर गाढ विश्वास असलेले तिथे होते, अर्धामुर्धा विश्वास असलेले होते आणि नुसते गाण्यापायी येणारेही होते. तुमचं नक्की काय, असं कुणी कुणाला विचारत नसे. न विचारणं हाच तिथला मोठेपणा. काकांना ते फार मानवलं होतं, कारण ते मूळचे बायकोच्या मागोमाग आलेले. ती गायनमंडळात खालच्या पट्टीत गायची. देवाबद्दल काकांचं स्वतःचं असं काही ठरलं नव्हतं आणि ठरवायची घाईही नव्हती.

आठवडा त्यांना खुर्च्यांवरून कळायचा. सोमवारी वाचनगट, लांब टेबलाच्या दोन बाजूंना बारा खुर्च्या. मंगळवारी शंकेखोर. हे नाव त्या गटाने स्वतःच घेतलेलं. नऊ जण जमायचे, देव आहे की नाही यावर दीड तास भांडायचे आणि प्रश्न तसाच ठेवून चहा पिऊन घरी जायचे. त्यांच्या खुर्च्या जवळजवळ लावाव्या लागत, लांब बसले की आवाज चढायचे. बुधवारी गायनमंडळाची तालीम, तेव्हा अर्धगोल. गुरुवारी जुने कपडे सांधून गरजूंना देणाऱ्या बायका यायच्या. त्यांना खिडकीचा उजेड हवा आणि बिनहाताच्या खुर्च्या, नाहीतर सुई ओढताना कोपर आपटतं. शुक्रवारी येईल त्याला गरम सूप आणि पाव, ओळखपाळख लागत नाही. त्या दिवशी किती खुर्च्या लागतील ते सांगता यायचं नाही, म्हणून काका सगळ्या साठ काढायचे. शनिवारी मात्र हॉलमध्ये ते एकटेच. खुर्च्या पुसायच्या, डुगडुगणारे पाय आवळायचे, पायांखालच्या चकत्या बदलायच्या. चकत्या ही त्यांचीच युक्ती. फरशीवर खुर्ची ओढली की त्यांचे दात शिवशिवायचे, म्हणून जुन्या लोकरी कोटाच्या गोल चकत्या कापून त्यांनी एकेका पायाखाली चिकटवल्या होत्या. दोनशे चाळीस चकत्या. कोट बायकोचा होता, पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

आणि रविवारी वर्तुळ. साधारण त्रेचाळीस खुर्च्या, येणाऱ्यांपेक्षा न एक कमी न एक जास्त. कोण आजारी, कोण लेकीकडे गेलंय, कुणाकडे पाहुणा आलाय, हे काका आठवडाभर कान देऊन ऐकत आणि त्याप्रमाणे लावत. वर्तुळात रिकामी खुर्ची त्यांना बघवत नसे. त्यामागे कारण होतं.

सहा वर्षांपूर्वी बायको गेली. त्यानंतरच्या पहिल्या रविवारी हातांच्या सवयीने त्यांनी शेजारी शेजारी दोन खुर्च्या लावल्या आणि एकीवर बसले. लोक येत गेले, वर्तुळ भरत गेलं, पण दुसऱ्या खुर्चीवर कोणी बसेना. उशिरा आलेला एक जण तर भिंतीला टेकून तासभर उभा राहिला, पण त्या खुर्चीकडे फिरकला नाही. सगळे मान राखत होते. काकांना मात्र तो तास दफनाच्या दिवसापेक्षा जड गेला. पुढच्या रविवारी त्यांनी दोन्ही खुर्च्या उचलून थप्पीला लावल्या आणि स्वतः दाराशी उभे राहिले. उशिरा येणाऱ्यांना खुर्ची द्यायला कुणीतरी हवंच, असं म्हणायला निमित्तही मिळालं. दोन-तीन आठवडे असं करू, त्यांनी मनाशी म्हटलं. तोवर कोणीतरी म्हणेलच, काका, इकडे या, बसा.

कोणी म्हटलं नाही. माणसं वाईट नव्हती, उलट इतकी चांगली होती की कुणाच्या उभं राहण्यातही ढवळाढवळ करत नसत. दुसऱ्या वर्षी तर पाळकबाई प्रवचनातच बोलून गेल्या, "प्रत्येकाची उपासनेची रीत वेगळी असते. कुणी गातं, कुणी डोळे मिटून बसतं, आणि आपल्यातलं एक माणूस दर रविवारी तासभर दाराशी उभं राहतं." सगळ्यांनी वळून काकांकडे मायेने बघितलं. उभं राहण्यावर एकदा उपासनेचा शिक्का बसल्यावर बसायची सोयच राहिली नाही.

गुडघ्याला मात्र प्रवचन ऐकू येत नव्हतं. यंदा तो जिना चढताना कुरकुर करायला लागला, मग जिना नसतानाही. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "वजन उचलणं बंद. आणि जास्त वेळ उभं राहायचं नाही." काकांनी मान डोलावली आणि बाहेर येऊन चिठ्ठी घडी करून पाकिटात अगदी आत सारली. खुर्च्या गेल्या तर सोमवार कसला आणि शुक्रवार कसला? मग सगळेच वार घरच्या बंद घड्याळासारखे.

पुढच्या गुरुवारी चार खुर्च्या एकदम उचलताना गुडघा अडकला. काका खुर्च्यांसकट खाली बसले. कपडे शिवणाऱ्या बायकांनी त्यांना उठवलं आणि घरी पोचवलं. महिनाभर सक्तीची विश्रांती.

पाळकबाई शनिवारी घरी आल्या. "रविवारचं कसं करायचं, काका? आम्हाला काहीच माहीत नाही हो," त्या म्हणाल्या. काकांनी जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून त्यावर वर्तुळ काढलं आणि एकेक खुर्ची मांडली. नावं त्यांनी लिहिली नाहीत, त्यांच्या डोक्यात माणसं नावांनी नव्हतीच. खोकणारे मास्तर, दाराजवळ, म्हणजे बाहेर जाता येतं. पाठ दुखणारी शिंपीण, हातांची खुर्ची. डाव्या कानाने ऐकू न येणारे आजोबा, पाळकबाईंच्या डावीकडे. एकमेकींशी न बोलणाऱ्या दोन बहिणी, समोरासमोर नको, पण एकमेकींच्या नजरेत असाव्यात. नुकती बाळंत झालेली सून, मोरीच्या बाजूला. कुणाची उशी, कुणाची काठी ठेवायची जागा. त्रेचाळीस खुर्च्या पुऱ्या झाल्यावर त्यांनी पेन ठेवलं. पाळकबाईंनी कागद हातात घेऊन वर्तुळावरून बोट फिरवलं. "तुम्हाला आमचं सगळं ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"बसा ना," काका म्हणाले. घरात दोन खुर्च्या होत्या.

"नको, तुम्ही आराम करा." पाळकबाई सगळा वेळ उभ्याच होत्या आणि उभ्यानेच गेल्या.

महिनाभर लोक येत राहिले. डब्यातून सूप आलं, पाव आला, गायनमंडळाने सगळ्यांच्या सह्यांचं कार्ड पाठवलं. शंकेखोरांपैकी एक जण दाराबाहेरचा दिवा बदलून देऊन गेला. पण जो तो उंबऱ्यावरून. "तुमच्या शांततेत अडथळा नको," असं म्हणून माणसं चपला न काढता परत जायची. काका दर वेळी दुसऱ्या खुर्चीवरचं वर्तमानपत्र उचलून ठेवायचे आणि दार लागल्यावर पुन्हा तिथेच टाकायचे. दुपार सरता सरत नसे. संध्याकाळी आज गायनमंडळ, आज शिवण, असं मोजत ते खिडकीत बसायचे. तिकडे खुर्च्या बरोबर लागत असतील ना, याची काळजी त्यांना होतीच. लागत असतील तर काय, ही काळजी त्याहून मोठी होती, आणि ती त्यांना स्वतःशीही धड कबूल करवत नव्हती.

पाचव्या रविवारी काठी टेकत काका चर्चला गेले. अर्धा तास आधीच गेले, काही चुकलं असेल तर नीट करता यावं म्हणून.

काहीच चुकलं नव्हतं. कॅलेंडरचं पान पातळ प्लास्टिकमध्ये घालून भिंतीवर लावलेलं होतं आणि त्याबरहुकूम एकेक खुर्ची जागच्या जागी होती. शिंपिणीच्या खुर्चीला हात होते. आजोबांची खुर्ची डावीकडे होती. काकांनी काठी टेकत एक फेरी मारली आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांच्यासाठी खुर्ची नव्हती. कशी असणार? नकाशा त्यांचाच. सगळ्या मंडळीचा हिशेब त्यांनी मांडला होता, त्यात आपण स्वतः आहोत याची आठवण त्यांना झाली नव्हती. आणि इतक्या प्रेमाने तो कागद जपणाऱ्या माणसांनाही झाली नव्हती.

लोक आले. सगळ्यांनी हात हातात घेतले, चौकशी केली. "तुमची जागा फार सुनी सुनी वाटायची," शिंपीण म्हणाली आणि तिने दाराच्या चौकटीकडे बोट दाखवलं. काका जाऊन चौकटीपाशी उभे राहिले.

पहिलं गाणं झालं, वाचन झालं. गुडघा ठणकायला लागला. काकांनी भार दुसऱ्या पायावर घेतला, मग काठीवर, मग चौकटीवर. थप्पी चार पावलांवर होती, पण खुर्ची उचलायची मनाई होती. आणि उचलून आणली असती तरी ठेवायची कुठे? वर्तुळाच्या बाहेर? घरी जावं, असं त्यांना वाटलं. कोणी काही विचारणार नाही. आज गेलो तर पुन्हा यायचो नाही, हेही त्यांना त्याच वेळी स्वच्छ कळलं.

प्रवचनानंतर मन मोकळं करायची वेळ असे. ज्याला वाटेल त्याने आपलं सुख किंवा दुःख एका वाक्यात सांगायचं. त्यावर कोणी उत्तर द्यायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. सगळ्यांनी मान खाली घालून दोन श्वास गप्प राहायचं, की पुढचा. सुनेने बाळ पहिल्यांदा हसल्याचं सांगितलं. एका बहिणीने नोकरी गेल्याचं सांगितलं. मग कोणी बोलेना. काका पंधरा वर्षांत या वेळेला एकदाही बोलले नव्हते.

"मला बसायचंय," ते म्हणाले.

त्रेचाळीस माणसांनी माना खाली घातल्या. नियमच होता. पाळकबाईंनी डोळे मिटले. काका त्या वाकलेल्या डोक्यांकडे बघत राहिले. त्यांना हसू आलं.

"अहो, खरंच बसायचंय," ते पुन्हा म्हणाले. "पाय दुखतोय. मला खुर्ची नाहीये."

पहिली मान वर आली ती खोकणाऱ्या मास्तरांची. ते भिंतीवरच्या कागदाकडे वळले, मग काकांकडे. "नकाशात तुमची कुठली?"

"काढलीच नाही."

"का?"

सहा वर्षांत त्या हॉलमध्ये काकांना विचारलेला हा पहिला 'का' होता. मास्तरांनाही आपण नियम मोडल्याचं कळलं असावं, पण त्यांनी तो परत घेतला नाही. नुसते खोकले.

"ती गेल्यावर एक लावायची की दोन, तेच कळेना," काका म्हणाले. "म्हणून लावलीच नाही."

"आम्हाला वाटलं," पाळकबाई म्हणाल्या आणि थांबल्या. "मला वाटलं, तुम्हाला उभं राहायचंच असतं."

"तासभर उभं राहायला कुणाला आवडतं हो?"

शिंपीण पाठ धरून उठली आणि थप्पीवरची खुर्ची घेऊन आली. काकांनी ती लांबूनच ओळखली, मागचा डावा पाय ढिला असलेली. मास्तर सरकले, त्यांच्या शेजारचे सरकले, मग त्यांच्या पलीकडचे. वितभर, वितभर करत अख्खं वर्तुळ मोठं झालं आणि एवढ्या खुर्च्या हलल्या तरी करकर म्हणून झाली नाही. तो कोट किती चांगला होता, हे फक्त काकांना ठाऊक होतं.

ते बसले. माणसांचे चेहरे सहा वर्षांनी त्यांना समोरून, आपल्याच उंचीवर दिसले. शेजारी मास्तर होते आणि दुसऱ्या बाजूला, सवयीने कुणी सोडलेली असावी तशी, थोडी मोकळी जागा होती. काकांनी तिच्याकडे बघितलं. दुखायचं ते दुखलंच.

गाणं सुरू झालं आणि दार उघडलं. कोणीतरी उशिरा आलं होतं. काका काठी शोधत अर्धवट उठले. मास्तरांनी गाण्यांच्या वहीतून डोळे न काढता त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"बसा," मास्तर म्हणाले. "जाईल दुसरं कुणीतरी."

दुसरं कोण जाणार, हे ठरायला जरा वेळ लागला. आलेला माणूस तोवर दारातच अवघडून उभा होता. काकांच्या खालची खुर्ची डुगडुगत होती. हिचा पाय शनिवारी बघू, असं ठरवून ते बसून राहिले.