ऑक्सफर्ड स्ट्रीटवर काकू

किश्शांचं सेलमधल्या पिशव्यांसारखं असतं. एकच आणायला जावं, तर येताना दोन्ही हात भरलेले! दोन हजार पाच-सहाच्या सुमारास आमचं ऑफिस लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटमागच्या गल्लीत होतं. शेजारच्या डेस्कवर पुण्याचा प्रसाद. काम कोडिंगचं, वेड इतिहासाचं.

त्याची आई तेव्हा आली होती. वडील गेलेले, पुण्यात ती एकटी. आईने सहा महिने राहावं, एवढीच याची इच्छा. पण स्टॅनमोरच्या घरात दिवसभर बोलायला माणूस नाही! महिन्याभरातच काकूंचा घोशा सुरू, "मला घरी पाठव." शेवटी रविवारचं तिकीट निघालं. प्रसादचा चेहरा बघवत नव्हता. म्हणाला, "निदान माझा ऑक्सफर्ड स्ट्रीट तरी दाखवतो तिला." शनिवारी मीही सोबत गेले.

*

"आई, दोन हजार वर्षांपूर्वी रोमन सैन्य इथूनच जायचं!"

मी थक्क. काकूंनी समोर खणलेला खड्डा पाहिला. "आणि काम अजून चालूच?"

*

"आई, पूर्वी दुकानात वस्तू मागितल्याशिवाय बघायला मिळत नसे. मग इथल्या एका दुकानाने सगळं समोर मांडलं. नुसतं बघत फिरायची मुभा!"

काकूंनी तासभर शाली उलगडून पाहिल्या. सेल्सगर्ल बिचारी आशेने मागे मागे. निघताना मी विचारलं, "काकू, घ्यायची नाही एखादी?"

"अगं, मुभा बघायची आहे ना?"

*

या दुकानांखालून टायबर्न नावाची नदी वाहते म्हणे. बाप रे! वर बुटांचा सेल आणि खाली नदी! मी पायाखाली बघतच राहिले.

काकूंनी चपला काढल्या आणि वाकून फुटपाथला हात लावला. मागची गर्दी थबकली. एका गोऱ्या बाईने विचारलं, "काही हरवलं का?"

काकू मला म्हणाल्या, "तिला सांग, सापडलं."

*

रस्ता संपतो तिथे, ट्रॅफिकच्या मधोमध जमिनीत एक गोल दगड बसवलाय.

"आई, इथे फाशी द्यायचे. शेकडो वर्षं! गाडीत घालून याच रस्त्याने आणायचे. किरकोळ चोरीलासुद्धा फाशी. लोक बघायला गर्दी करायचे."

भोवती लाल बसेस धावत होत्या.

काकूंनी हळूच विचारलं, "मागे यांचं कोणी करायचं का रे?"

"कसलं गं! कित्येकांची प्रेतं डॉक्टर लोक कापून शिकायला न्यायचे."

काकूंनी पर्समधली पाण्याची बाटली काढली. "प्रसाद, हात पुढे कर."

त्याच्या ओंजळीतून पाणी दगडावर पडलं. काकूंनी डोळे पुसले.

"उद्याचं तिकीट पुढे ढकल. सर्वपित्रीला यांना पाणी द्यायला कोण आहे?"