सबीहाच्या ओट्यावरचा फोन

नझमियाचा फोन नऊ वर्षं चालू होता. म्हणजे त्यावरचा एकच कॉल नऊ वर्षं चालू होता. झरका शहरातल्या आमच्या इमारतीत ती तळमजल्यावर राहते आणि मी बरोबर तिच्या डोक्यावर. सकाळी उठल्या उठल्या ती ओट्यावरच्या साखरेच्या बरणीला फोन टेकवायची. तिकडे नदीवरच्या पुलापलीकडे, सरहद्दीपार तुलकरमला, तिची थोरली बहीण सबीहा तेच करायची. मग दिवसभर बोलतीलच असं नाही. इकडे ही भेंडी चिरतेय, तिकडे ती गॅसपाशी खोकतेय. तासाभराने एखादी विचारणार, "मीठ घातलंस का?" दुसरी म्हणणार, "तू तुझ्या भांड्यात बघ." झालं, एवढंच. रेंज जाऊन कॉल तुटला तर नझमिया पुन्हा लावायची. सबीहाच्या सुनेने, इब्तिहालने, तिकडचा फोन आपोआप उचलला जाईल अशी सोय करून ठेवली होती.

हे सगळं मोबाइल कंपनीच्या एका योजनेवर चालायचं: महिन्याचे ठरावीक पैसे भरा आणि डेटा हवा तेवढा वापरा. तारेचं इंटरनेट आमच्या इमारतीत नाही, कारण घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही. त्या माणसाबद्दल इथे लिहीत नाही, कागद फुकट जाईल.

नझमिया शिवणकाम करायची. मी, मुलींची सित्त विदाद म्हणजे विदादबाई, जिथे रसायनशास्त्र शिकवलं त्या शाळेचे गणवेश तिने चाळीस वर्षं शिवले, आणि एकाही मुलीची बाही आखूड झाली नाही. अठराव्या वर्षी लग्न होऊन ती पूल ओलांडून इकडे आली. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत सबीहाला चारदा भेटली. परवाने, रांगा, झडत्या, ते असो. सबीहा एकदाच इकडे आली होती. तेव्हा निघताना दाराशी दोघींची जी रडारड चालली होती, ती संपेपर्यंत टॅक्सीवाल्याच्या तीन सिगारेटी ओढून झाल्या. म्हणून हातात असले फोन आले तेव्हा सबीहाने फर्मान काढलं, "आता निरोप बंद. निरोपाने माझं डोकं चढतं. चालूच ठेव." त्या बाईला नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती.

गेल्या ऑक्टोबरात सबीहा वारली.

त्या सकाळी आठ वाजता नझमियाने कॉफी केली आणि फोनशी बोलायला सुरुवात केली. पडद्यावर रिकामी खुर्ची, निळा टेबलक्लॉथ आणि अर्धी खिडकी. बहीण आतल्या खोलीत असेल, असं तिला वाटलं. मग सपातांचा आवाज आला. कपात चमचा फिरला. सबीहाला दोन चमचे साखर लागायची आणि ती मिनिटभर ढवळत बसायची. पण उत्तर काही येईना. तेव्हा ही चिडली. आदल्या दिवशी भेंडीवरून दोघींची जुंपली होती. "रुसलीस? रूस. सत्त्याहत्तराव्या वर्षी भेंडीवरून रुसणारी तूच." असे टोमणे सव्वा तास चालले. मग इब्तिहाल वरच्या मजल्यावरून खाली आली, आतल्या खोलीत गेली आणि किंचाळली. डॉक्टर म्हणाला, पहाटेच्या नमाजाच्या आधीच गेल्या.

"मग चमचा कुणी फिरवला?" नझमियाने मला विचारलं.

"रस्त्यावरचा आवाज असेल."

"रस्त्यावर कॉफी ढवळतात?"

तीन दिवस आम्ही येणाऱ्याजाणाऱ्यांबरोबर बिनसाखरेची दुखवट्याची कॉफी प्यायलो. चौथ्या दिवशी फोनमधून इब्तिहालने विचारलं, "मावशी, आता बंद करू ना?"

"हात लावू नकोस त्याला."

मग तो फोन तिथेच राहिला, चार्जरची वायर लावलेला, रिकाम्या खुर्चीकडे तोंड करून. इकडे नझमिया त्याच्यासमोर स्वयंपाक करायची, भांडी घासायची आणि मधूनच थबकायची. मी खाली गेले की ती ओठांवर बोट ठेवायची. मला या प्रकाराचा राग यायचा. हिवाळाभर मी तिला सांगत होते की फ्रीज आवाज करतो, नळ आवाज करतो, खिडकीत कबुतरं येतात.

मी काही ऐकलं नाही, असं लिहायला मला फार आवडलं असतं. फेब्रुवारीत एका सकाळी आम्ही दोघी मसूर निवडत होतो. फोनमधून सपाता ऐकू आल्या. सबीहासारखी, डावा पाय जरा घासत येणारी चाल. ओट्यापाशी येऊन थांबली. मग चमचा.

"इब्तिहाल असेल," मी म्हटलं.

"इब्तिहाल शाळेत शिकवतेय आत्ता. तुझ्यासारखीच, पोरींना ओरडत." नझमियाने मसुरातला खडा काढून बाजूला ठेवला. "ही रोज येते. काही बोलत नाही."

एप्रिलच्या मध्याला कंपनीचा संदेश आला. प्रिय ग्राहक, आपली अमर्याद डेटाची योजना येत्या एक तारखेपासून बंद होत आहे, तिच्या जागी आम्ही आपल्यासाठी अधिक सोयीची योजना आणत आहोत. लोकांचं काही काढून घ्यायचं असलं की हे असं गोड लिहितात. मी नझमियाला घेऊन कंपनीच्या दुकानात गेले. काउंटरवरच्या तरुणाने तिचा वापर पाहिला आणि खुर्चीत सरळ बसला.

"हाज्जा, एवढा डेटा? दिवसभर मालिका बघता का?"

"बहिणीला बघते."

"छान. काय करते बहीण?"

"वारली."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "तू योजना सांग."

"महिन्याला वीस जीबी. व्हिडिओ कॉल असेल तर दिवसाला साधारण तासभर. यापेक्षा मोठी योजना आता कुणाकडेच नाही."

"आणि वीस संपले की?"

"आपोआप बंद होईल."

"बोलता बोलता?"

"हो हाज्जा, मधेच."

घरी आलो. मी तिला सरळ सांगितलं, "तासभर पुष्कळ झाला. सकाळी कॉफीच्या वेळी लाव, मग ठेवून दे."

"आणि ती दुपारी आली तर? काळ्या पडद्याकडे बघत उभी राहील? तिला वेळापत्रक लावून देऊ? ही काय तुझी शाळा आहे?"

"नझमिया, ती वारली आहे."

"वारली ते मला माहीत आहे. पण निघाली कुठे? निरोपच कुठे झाला आमचा?" ती खुर्चीत बसली. "नऊ वर्षं एकदाही 'येते' म्हटलं नाही मी. आता कंपनी मधेच तोडणार, दार तोंडावर आपटल्यासारखं. आणि ती तिकडे तशीच ताटकळणार. माझ्यामुळे."

आमच्याकडे निरोप ही काही एका शब्दात उरकायची गोष्ट नाही. पाहुणा उठला की यजमानाने म्हणायचंच, बस, अजून लवकर आहे. पाहुणा बसतो. थोड्या वेळाने पुन्हा उठतो, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मात्र यजमान स्वतः उठतो, दारापर्यंत येतो, दार उघडतो, आणि मग उंबऱ्यावर आणखी अर्धा तास. यातलं काही गाळलं तर पाहुणा हाकलला गेला असं होतं. आणि धाकट्याने उठायचं असतं. थोरली आपणहून उठत नाही.

"मलाच उठायला हवं," नझमिया म्हणाली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी अकराला तिने मला खाली बोलावलं. भरतकामाचा काळा पायघोळ झगा, डोक्याला बाहेर जायचा पांढरा रुमाल, हातात पर्स. स्वतःच्या स्वयंपाकघरात अशी नटून उभी. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

ती फोनसमोर बसली, कॉफी संपवली आणि उठली. "चल सबीहा, निघते मी."

तिकडून फ्रीजची घरघर. ती जरा थांबली, मग कुणी बस म्हटल्यासारखी बसली. पाच मिनिटांनी पुन्हा उठली. "फार वेळ बसले. मुलं वाट बघत असतील." मुलं कुवेतला आहेत, थोरल्याला नातू झालाय. पुन्हा बसली. मी भिंतीला टेकून उभी होते. माझी नजर पडद्यावरून हलत नव्हती.

तिसऱ्यांदा उठली ती पर्स काखोटीला मारून. "त्या दिवशी बोलले ते मनात ठेवू नकोस. मला माहीत नव्हतं. भेंडी तुझीच चांगली व्हायची."

खुर्ची हलली नाही. मी तिच्याकडेच बघत होते. पण सपाता वाजल्या. फोनच्या अगदी जवळून निघाल्या आणि डावा पाय घासत लांब गेल्या. मग कडी सरकली. आणि निळ्या टेबलक्लॉथवर उन्हाची एक पट्टी पडली. इतक्या महिन्यांत त्या स्वयंपाकघरात त्या जागी ऊन पडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

नझमिया उभ्यानेच बोलत राहिली. कोण कसं आहे, कुणाला सलाम सांग, आईच्या कबरीवर माझ्या नावाने फातिहा वाच, तब्येतीला जप. शेवटचं म्हणून झाल्यावर आपण काय म्हटलं ते तिला कळलं, पण तिने ते मागे घेतलं नाही. अर्धा तास झाला असेल. पट्टी तिथेच होती. मग तिने लाल खुणेवर बोट ठेवलं.

मी वर गेले आणि इब्तिहालला फोन केला. सबीहाच्या घराचं खालचं दार उघडं आहे का, विचारलं. "नाही सित्त विदाद, मी शाळेत आहे. कुलूप घातलंय, किल्ली माझ्या पर्समध्ये आहे." तीनच्या सुमारास तिचा संदेश आला: दार सताड उघडं होतं. कुलूप आतल्या खिळ्यावर टांगलेलं. चोरीला काहीच नाही.

मी खाली आले. नझमिया साध्या कपड्यांत, पाठमोरी, कप विसळत होती. ओट्यावर साखरेच्या बरणीशेजारी काहीच नव्हतं.

"इब्तिहालला विचार," ती वळून न बघता म्हणाली, "तिने दार लावून घेतलं का. उघडं टाकून जायची खोड आहे आमच्या सबीहाला, लहानपणापासून."

"लावलंय," मी म्हटलं. मग जिन्यात जाऊन इब्तिहालला कळवलं, आता लावून घे.