कुर्झेमेतलं चर्च आणि आमचे भाऊ

"मंग सांगा, हे कोनाचं झालं?" असं विचारून भाऊ मोबाइल माझ्या काउंटरवर पालथा ठेवायचे. उत्तर दिल्याशिवाय पुढचा फोटो पाहायला मिळायचा नाही.

शेलूबाजारात माझं हार्डवेअरचं दुकान. मागच्या गल्लीत हे राहायचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. बायको आधीच गेलेली. एकुलती एक मुलगी शिकायला लाटव्हियाला गेली आणि तिथंच नोकरीला लागली. लाटव्हिया युरोपात, रशियाला लागून आहे, हे मला तेव्हाच कळलं. तुमच्यातल्याही निम्म्यांना ठाऊक नसेल, लाजू नका.

भाऊ तिला भेटून आले ते डोक्यात गोंधळ घेऊनच. ती राहते त्या भागाला कुर्झेमे म्हणतात. तिथल्या एका चर्चचे त्यांच्याकडे ढीगभर फोटो होते.

"पह्यले हे एका पंथाचं व्हतं. मंग दुसऱ्या पंथाच्या लोकाईनं घेतलं. मंग रशियाचं राज्य आलं, तवा त्याच्यात धान्य भरलं. आता पुन्हा चर्च हाय अन् संध्याकाळी गान्याचे कार्यक्रम. मंग कोनाचं?"

"आता चर्च आहे ना? मग चर्चचं," मी सुटका करून घ्यायला म्हणालो.

"अन् पह्यलेवाल्याईचं?"

मुलीनं त्यांना असं बरंच काही दाखवलं होतं. कोणती इमारत आता पूजेची आणि कोणती नुसती पाहायची, हे काही केल्या कळेना, म्हणून ते प्रत्येक दारात बूट काढायचे. एकेकाळी ज्यू लोकांचं प्रार्थनास्थळ असलेल्या एका इमारतीत आता ग्रंथालय आहे. तिथंही हे ओल्या मोज्यांनी आत शिरले. मुलगी शरमली. "बाबा, अथी फक्त पुस्तकं हायेत!"

"पुस्तकं हायेत, पन ज्याईचं हे व्हतं ते लोक कुठी गेले, म्हटलं. तं म्हने, लढाईत मारले." हसत सांगायला सुरुवात केलेल्या भाऊंनी इथं मोबाइल खिशात घातला. मीही मग खिळे मोजायचं निमित्त काढलं.

हे बूट काढणारे भाऊ हात मात्र कुठल्याच देवापुढे जोडत नसत. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि घरातले सगळे देव टोपलीत भरून अडाण नदीत सोडले. मागं वळूनही पाहिलं नाही. जैनांच्या शिरपूरला एसटी गेली की यात्रेकरू देवळाकडे जायचे आणि भाऊ गाडीतच बसून डबा खायचे. प्रवाशांच्या म्हाताऱ्या आयांना मात्र हात धरून उतरवायचे.

मग एक दिवस मुलीचा फोन आला. भाऊंनी तो दुकानातच स्पीकरवर घेतला. तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा तिकडचा.

"बाबा, त्याच चर्चमंदी हाय. त्याच्या आजीची लय इच्छा हाय. तुमी माहा हात धरून मले आत नेसान ना?"

"पाहू," एवढंच म्हणून भाऊंनी फोन ठेवला.

त्यानंतर ते रोज येऊन माझं डोकं खायचे. आत गेलो तर बापाचा शब्द मोडतो, बाहेर थांबलो तर पोरगी एकटी पडते. शेवटी मी वैतागलो. "भाऊ, पोरीचं लग्न आहे. यात एवढा काय विचार करायचा?"

"शेटजी, तुमच्या आज्यानं जठी हात जोडले, तठीच तुमी जोडता. तुमाले कायचा विचार?" ते शांतपणे म्हणाले. "त्या लोकाईनं एकावर एक सारं ठेवलं. माह्या बापानं सारं सोडलं. बाप चुकला असं मी कवाच म्हननार नाई. पन मंग ते चर्च पाहून मले बरं काहून वाटलं?"

तेवढ्यात एका गिऱ्हाइकानं बिजागऱ्या मागितल्या, मी त्याला कड्या बांधून दिल्या.

उन्हाळ्यात ते तिकडे गेले आणि लग्न उरकून परत आले. पोळ्याच्या आधी झोपेतच वारले. त्यांच्यासारखे अवघड प्रश्न आता मला कोणी विचारत नाही आणि दुकानात मला करमत नाही.

परतल्यावर ते शेवटचे आले, तेव्हा मी सरळ विचारलं, "गेलात का आत?"

"गेलो."

"आणि हात जोडले?"

भाऊंनी मोबाइल काउंटरवर पालथा ठेवला. मग म्हणाले, "पाद्री वाचून राह्यला व्हता. त्या बाजूनं नवरदेव, या बाजूनं मी. पोरीनं माहा हात सोडलाच नाई. इतक्या परक्या लोकात घाबरली व्हती माही माय. आता तुमीच सांगा, एका हातानं कसे जोडू?"

असं म्हणून तो हात त्यांनी काउंटरवर ठेवला. मी माझा हात त्यावर ठेवला.