दादाने मार खाऊन आणलेली लेन्स

शनिवारी दुपारी साडेबाराला माझ्या दादाने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि सुतळीला म्हणाला, "मार. एकच ठोसा. मी हलणार नाही."

सुतळीने मारला.

ओल्या चादरीची घडी टेबलावर आपटली की जसा आवाज येतो तसा आला. माझं इस्त्रीचं दुकान आहे, तो आवाज मला रोजचा. दादा मागे गेला आणि डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. तो दुसरा आवाज वेगळा होता. तो मला सांगता येत नाही.

लेन्स तेव्हा माझ्या हातात होती. त्यानेच मार खायच्या आधी दिली होती, धर म्हणून. मी ती दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी. भावाला सावरायचं सोडून मी काच सांभाळत होते.

नीट सांगते. आमच्या गल्लीच्या टोकाला बॉक्सिंगचा हॉल आहे, आधी ते गोदाम होतं. दादा तिथे नऊ वर्षं खेळला. दिवसा बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायचा, संध्याकाळी हॉलमध्ये. सगळे त्याला खिळा म्हणायचे, कारण त्याचा उजवा ठोसा सरळ आत घुसायचा. आमच्या घरात हात आधी चालायचा, तोंड नंतर. बाबांचा पट्टा होता. दादा तेरा वर्षांचा असताना त्याने तो पट्टा हवेतच पकडला आणि बाबांच्या हातातून ओढून घेतला. त्या दिवसापासून बाबांनी मारणं बंद केलं आणि दादाने सुरू केलं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण खोटं तरी का लिहू. माझा वरचा एक दात त्यानेच पाडलाय, रेडिओच्या बटणावरून. मग स्वतःच मला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला आणि त्या डॉक्टरच्याच अंगावर गेला, "हळू कर ना, तिला दुखतंय!"

सुतळी म्हणजे हॉलमधलाच दुसरा एक. लांबडा, बारीक, पण हात लांब पोचायचे. अकरा वर्षांपूर्वी दोघांची फाइट झाली. चौथ्या फेरीत सुतळीचा एक बसला आणि दादाच्या डोळ्याखालचं हाड मोडलं. त्या क्षणापासून त्याला सगळं दोन-दोन दिसायला लागलं. समोर दोन सुतळी. मग बेल वाजली. सुतळीने हात खाली घेतले, तोंड फिरवलं, आणि दादाने मारलं. कानाच्या वर. सुतळी पडला तो दोन दिवस उठलाच नाही. उठला तेव्हा हात थरथरत होते, शब्द जड झाले होते, ते आजवर तसेच.

दादा कमिटीपुढे म्हणाला, बेल ऐकली नाही. मला म्हणाला, ऐकली नाही. बाबा मरताना त्यांनाही तेच. कोणी फार खोदलं तर हसायचा, "दोन दिसत होते, मला वाटलं एकच थांबलाय."

दादाचं खेळणं तिथेच संपलं. जिना उतरतानाही एक डोळा मिटून उतरायचा. सुतळीचा बाप हॉलमध्ये फोटो काढायचा, त्याने पोराचं हे झाल्यावर हॉलच सोडला. रिंगच्या कडेची त्याची खुर्ची रिकामी पडली. मग एक दिवस दादाने भंगारवाल्याकडून एक जुना कॅमेरा आणला. त्यात लेन्समधून बघायचं नसतं. बाजूला छोटी खिडकी असते, तिच्यातून एका डोळ्याने बघायचं. मधोमध पिवळट चौकोन, त्यात माणूस दोन दिसतो. लेन्सची रिंग फिरवत गेलं की ते दोन सरकत सरकत एक होतात. एक झाले की फोकस बरोबर, दाबा बटण.

दादा पलंगावर बसून तासभर माझ्याकडेच बघून रिंग फिरवत होता. "चिमे, हलू नको. दोन... दोन... झालीस बघ एक." आणि आमचा तो दगड माणूस हुंदके द्यायला लागला. मी म्हटलं, काय रे, डोळा दुखतोय का? तर म्हणे, गप गं, चहा टाक.

तेव्हापासून त्या खुर्चीत तो. एकदा अख्खी स्पर्धा लेन्सचं टोपण न काढताच फोटो काढत बसला. खिडकीतून सगळं छान दिसतं ना, टोपण आहे की नाही ते कळतच नाही. छत्तीसच्या छत्तीस काळे. पुढे कोणीही दिसला की विचारायचा, "खिळ्या, आज टोपी काढलीस ना?" पूर्वीचा दादा असता तर विचारणाऱ्याची बत्तिशी हातात दिली असती. आता नुसता शिव्या द्यायचा.

आता लेन्सचं. हॉलमध्ये रिंगवर दोन ट्यूब, त्यातली एक फडफडते. फ्लॅशला बंदी आहे, खेळणाऱ्याचे डोळे दिपतात आणि तेवढ्यात ठोसा बसतो. दादाची लेन्स बारीक काचेची. फोटो म्हणजे कोळशाच्या पोत्यात मांजर. माझी मुलगी सतरा वर्षांची, शनिवारी तिची पहिली फाइट होती. ती म्हणाली, "मामा, एक तरी फोटो असा काढ की त्यात मी आहे हे मला सांगावं लागणार नाही." तो म्हणाला, काढतो. त्याने कोणाला शब्द दिल्याचं मला हे एकच आठवतंय.

त्याच्या कॅमेऱ्याला बसेल अशी मोठ्या काचेची जुनी लेन्स अख्ख्या गावात एकाकडेच होती. सुतळीच्या बापाकडे. दादाने तीनदा निरोप पाठवला, तीनदा नाही आलं. शुक्रवारी म्हाताऱ्याचाच निरोप आला, पोरीची फाइट आहे असं ऐकलं, उद्या दुपारी ये.

दादा मला म्हणाला, तू चल. मी एकटा गेलो तर दार उघडणार नाहीत.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. सुतळी जमिनीवर बसून मटार सोलत होता, अर्धे पातेल्यात, अर्धे बाहेर. म्हाताऱ्याने कपाटातून लेन्स काढली. वाटीएवढी काच, जड, आत जांभळट चमक. दादाने खिशातून बॅटरी काढली, मागून प्रकाश टाकून एक डोळा मिटून बघितलं.

"थोडी धूळ आहे काका. बुरशी नाही."

"तुझ्या डोक्यापेक्षा साफ आहे," म्हातारा म्हणाला. "आणि ऐक. ही मी माझ्या कॅमेऱ्याशी जुळवून घेतलेली आहे. तुझ्यावर फोकस मागे पडेल. खिडकीत बरोबर दिसेल आणि फोटोत मागचं स्पष्ट उठेल. आधी एक रोल फुकट घालव, मग कळेल किती पडतो ते."

"वेळ कुठाय काका. पाचला फाइट."

"मग घाल गोंधळ."

दादाने पाकीट काढलं. म्हाताऱ्याने बघितलंही नाही. म्हणाला, "ते ठेव तिकडे. मला एक सांग. बेल ऐकली होतीस?"

खोलीत मटाराच्या शेंगा फुटायचा आवाज येत होता, तो थांबला.

दादा लेन्सची रिंग फिरवत राहिला, कॅमेरा नव्हता तरी. मला वाटलं आता म्हणेल, दोन दिसत होते. तो म्हणाला, "ऐकली होती."

"मोठ्याने बोल. याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं."

"ऐकली होती! बेल वाजली ते कळलं, आणि मग मारलं."

मग त्याने लेन्स माझ्या हातात दिली, हात मागे घेतले. म्हातारा ओरडला, "नको रे, मी यासाठी बोलावलं नाही! सुतळ्या, बस खाली!" पण सुतळी उठला होता. पातेलं लवंडलं, मटार सगळीकडे. त्याचे हात थरथरतात ते मी रोज बघते, बाजारात त्याला सुटे पैसे मोजता येत नाहीत. त्या एका ठोशात हात अजिबात थरथरला नाही.

दादा चौकटीला टेकून खाली बसला. सुतळीच आधी धावला. त्याचं डोकं मांडीवर घेऊन रडायला लागला, "अरे, हात वर का नाही घेतलास, हात वर घ्यायचा ना!" दादा म्हणाला, "पाणी आण, भाषण नको." उठला. चेहरा धुतला. लेन्स कॅमेऱ्याला लावली, आणि टोपण म्हाताऱ्याच्या टेबलावर ठेवलं. "हे राहू दे तुमच्याकडे. मी काढायला विसरतो."

जिन्यात मी त्याला थांबवलं. हॉलमध्ये मी पोरींच्या हातांना पट्ट्या बांधते, फेऱ्यांमध्ये कोपऱ्यात उभी राहते. कोणी पडलं की आम्ही तीन प्रश्न विचारतो. आज वार कोणता, कुठे आहेस, कोणी मारलं. तिन्ही बरोबर तर सोडायचं, एकही चुकलं तर डॉक्टर. हे मला दादानेच शिकवलं होतं.

मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "शनिवार. म्हाताऱ्याचा जिना. सुतळी. झालं? चल."

मी सोडलं. आता रोज आठवतं, तो खेळायचा तेव्हा स्टुलावर बसायच्या आधीच ही उत्तरं पुटपुटत यायचा, कोणी फाइट थांबवू नये म्हणून. उत्तरं त्याला पाठ होती. मला माहीत होतं की पाठ आहेत.

पाच वाजता हॉल भरलेला. समोरची पोरगी माझ्या लेकीपेक्षा खांद्याने रुंद. पहिल्या फेरीतच माझ्या लेकीचं नाक फुटलं, बनियनवर रक्त, कॅनव्हासवर रक्त, माझ्या हातावर रक्त. मी कापूस घातला, कानात सांगितलं, मागे जाऊ नको, घुस. आई असून घुस म्हणाले. दुसऱ्या फेरीत ती घुसली. बरगड्यांत दोन, मग हनुवटीवर एक असा दिला की त्या पोरीच्या तोंडातलं रबर उडून माझ्या पायाशी पडलं. लोक बाकांवर चढले. मीही ओरडत होते. काय ओरडत होते ते लिहिण्यासारखं नाही.

दादा समोरच्या बाजूला, दोराला टेकून, कॅमेरा डोळ्याला. बटण दाबतोय, दाबतोय. तिसऱ्या फेरीत तो बटण दाबेनासा झाला. नुसती रिंग फिरवत होता. इकडे, तिकडे, परत इकडे. एक होतच नव्हतं बहुतेक.

मग खाली सरकला. सरकताना त्याने कॅमेरा छातीशी धरला, लेन्स वर, फरशीला लागू नये अशी. तेवढ्यात बेल वाजली. माझ्या लेकीचा हात हवेत होता, समोरच्या पोरीचं तोंड उघडं पडलं होतं, आणि लेकीने हात तिथेच थांबवला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, आत रक्त साचलंय, असा माणूस चार-पाच तास चांगला चालतो-बोलतो आणि मग जातो. ऑपरेशनची तयारी झाली तोवर तो गेला. लेकीच्या नाकात तेव्हाही माझा कापूस होता. ती एका गुणाने हरली ते आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं.

पोलिसांना मी जे बघितलं ते सांगितलं. सुतळी माझ्या आधीच स्वतःहून जाऊन बसला होता तिथे. नंतर जामिनावर सुटला.

बाराव्या दिवशी संध्याकाळी दार वाजलं. सुतळी. एका हातात पाकीट, दुसऱ्या हाताची मूठ. "बाबांनी रोल धुतला," म्हणाला. कॅमेऱ्यातला रोल लेकीनेच म्हाताऱ्याकडे पोचवला होता. मी आत ये म्हणाले नाही, तो दारातच उभा राहिला. लेकीने पाकीट घेतलं, जमिनीवर फोटो मांडले.

म्हातारा म्हणाला तसंच झालं होतं. लेक सगळ्या फोटोंत धुरासारखी. हात, केस, रक्त, सगळं पुसट. आणि तिच्या मागे, कोपऱ्यात, दोराच्या पलीकडे मी. लख्ख. कपाळावरचा घाम मोजता येईल इतकी. तोंड वाकडं, दात बाहेर, पडलेल्या दाताची जागासुद्धा. पंचवीस फोटो, पंचवीस वेळा मी.

"मामाने माझा एकही नाही काढला," लेक म्हणाली. मग शेवटचा उचलला. "आई, यात तू माझ्याकडे बघत नाहीयेस."

त्यात मी सरळ लेन्सकडे बघते आहे. तोंड मिटलेलं. ओरडतही नाहीये. तो डोलत होता, ते मला दिसलं होतं. फेरी चालू होती म्हणून मी जागची हलले नाही.

मी उठले, दारात गेले आणि सुतळीच्या थोबाडीत मारली. आमच्या घरात जशी मारतात तशी, पूर्ण हाताने. त्याने हात वर घेतला नाही. फक्त मूठ उघडली आणि त्यातलं टोपण पडलं, गडगडत गेलं कपाटाखाली.

"ते टोपण," तो म्हणाला. गाल लाल झाला होता. "तेच द्यायला आलो होतो. नाहीतर काचेवर धूळ बसेल."

लेकीने बॅटरी आणली. मी जमिनीवर पालथी पडले, कपाटाखाली हात घातला, पोचेना. सुतळी माझ्या शेजारी पालथा पडला. त्याचे हात लांब आहेत.

"डावीकडे," मी म्हटलं. "अजून. पायाच्या मागे गेलंय बघ."